वहीत न लिहिलेला खवा

धाराशिव जिल्ह्यात जाणारी बाहेरची माणसं बहुतेक तुळजापूरला जातात आणि पिशवीत ओटीचं सामान नेतात. माझ्या पिशवीत शेळीच्या आतड्यांवर केलेल्या प्रयोगांचे कागद होते. ते मला ईट गावच्या एका बाईला वाचून दाखवायचे होते. दीड वर्षापूर्वी मी तिला एक पत्र पाठवलं होतं. ते चुकलं होतं. ही चूक पुन्हा पोस्टानंच दुरुस्त करायची नाही, एवढी अक्कल मला उशिरा का होईना आली होती.

आधी माझा धंदा काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुण्यातल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात मी शिकवते. वनस्पतींमधले जे घटक पाण्यात विरघळत नाहीत, ते पोटात गेल्यावर आतड्याच्या भिंतीतून रक्तात कसे पोचतात, किंवा का पोचत नाहीत, हे शोधण्यात माझी वीस वर्षं गेली. काम ऐकायला भारदस्त, करायला घाण. सकाळी खाटकाकडून शेळीचं ताजं आतडं आणायचं, खारट पाण्यानं धुवायचं, वीतभर तुकडा काचेच्या कांडीवर चढवून उशीचा अभ्रा उलटा करावा तसा उलटा करायचा, दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधायची आणि कोमट द्रावणात सोडायचा. बाहेरच्या द्रावणात औषध घालायचं आणि दोन तासांनी तुकड्याच्या आत किती उतरलं ते मोजायचं. घरी माझ्या हातचं कुणी आवडीनं खात नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ईटला गेले ती सालई नावाच्या झाडाच्या डिंकासाठी. भूम तालुका खव्याचा. दूध आटवायच्या भट्ट्या इथं गावोगाव. ईटच्या कडेला दोन जावांची अशीच एक भट्टी होती. दोघीही विधवा. धाकटी सुभद्राबाई गुडघेदुखीसाठी सालईच्या डिंकाची गोळी द्यायची, ती विद्या तिला सासऱ्याकडून मिळालेली. थोरली पार्वतीबाई कढईपाशी बसून दूध ढवळायची. पंचक्रोशीतली माणसं यायची, गोळी घ्यायची, थोडं बसायची आणि जायची. मी तिथं चार दिवस ठाण मांडलं. डिंक कोणत्या महिन्यात काढतात, किती दिवस वाळवतात, कशात शिजवतात, गोळी केवढी, किती दिवस, सगळं विचारलं आणि दोन वह्या भरल्या.

पुण्याला आल्यावर प्रयोग लावला. आत काही उतरलं नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तेलकट कढई गार पाण्याच्या नळाखाली धरली की काय होतं ते प्रत्येक घरात ठाऊक असतं, तोच प्रकार. डिंकातलं जे कामाचं समजतात ते पाण्याला दाद देईना.

संशोधक गावात येतात, माहिती नेतात आणि परत तोंड दाखवत नाहीत, या विषयावर मी स्वतः तावातावानं भाषणं करते. तेव्हा बोले तैसा चाले या न्यायानं मी सुभद्राबाईंना पत्र लिहिलं. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, कॉलेजच्या शिक्क्याच्या कागदावर. प्रयोग काय केला, काय दिसलं, सगळं नीट लिहिलं आणि शेवटी एक वाक्य पदरचं घातलं: ‘त्यामुळे या गोळीचा गुडघ्यांना उपयोग होत असेल असं दिसत नाही.’ पत्र पेटीत टाकताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

पुढं गेल्या पावसाळ्यात मी वर्गात ईटचे फोटो दाखवत होते. गोळी घेणारे सातजण, सात फोटो. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, सगळ्यांच्या डाव्या हातात काय आहे?”

मी पाहिलं. उजव्या हातात गोळी, आणि डावा तळहात प्रत्येकाचा खोलगट केलेला, त्यात काहीतरी बदामी रंगाचं. तो खवा होता. पार्वतीबाई कढईच्या कडेचा गरम खवा उलथण्यावर घ्यायची आणि येईल त्याच्या हातावर ठेवायची. माझ्याही हातावर चारही दिवस ठेवला होता. मी तो पाहुणचार समजून खाल्ला आणि हात रुमालाला पुसून वहीत डिंकाचं वजन लिहिलं. त्या दोघींनी तो मला सांगितला नाही, कारण त्यांच्याही लेखी तो पाहुणचारच होता. दारी आलेल्याला नुसतं बसवायचं नाही, एवढंच त्यांना माहीत.

खव्यात दुधाचं सगळं तूप असतं. तूप पोटात गेलं की पित्त सुटतं, आणि पित्त म्हणजे शरीराचा साबण. मी डिंक खव्यात मिसळला, द्रावणात पित्त घातलं आणि आतडं पुन्हा बांधलं. या खेपेला आत उतरला. एकदा नाही, दर वेळी उतरला.

पहिलं पत्र मी प्रयोग लावल्यापासून तीन आठवड्यांत लिहिलं होतं. ते मागं घ्यायला मात्र सहा महिने पुरावा जमवत बसले. त्या सहा महिन्यांचा मला आता फार पश्चात्ताप होतो.

परंडा

कुर्डुवाडीला गाडीतून उतरून एसटीनं परंड्याला आले. सरळ ईटला जाता आलं असतं, पण सातांपैकी एक फोटो परंड्याच्या करीमचाचांचा होता. खव्याबद्दल सुभद्राबाईंना विचारण्याआधी घेणाऱ्याला विचारावं असं मी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ईटला जायला पाय उचलत नव्हता.

म्हणून आधी किल्ला पाहिला. परंड्याचा किल्ला गावाच्या इतका अंगाशी आहे की एका बाजूला तोफा आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. तोफा मोठ्या आहेत, त्यांच्या अंगावरची नक्षी अजून शाबूत आहे. बुरुजाच्या पायऱ्या उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाय फरफटत खाणावळ गाठली. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, कांदा. वाढणाऱ्या बाईनं न विचारता आमटीवर करडईचं कच्चं तेल ओतलं. मी “पुरे, पुरे” म्हणेपर्यंत वाटीवर तवंग आला होता. आमच्या पुण्यात पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारतात, आणि त्या विचारण्यातच उत्तर असतं. इकडं विचारण्याची पद्धतच नाही. त्या तेलाकडे मी बराच वेळ पाहत बसले. वीस वर्षं मी न विरघळणाऱ्या गोष्टींवर व्याख्यानं दिली, आणि या भागात न विचारता वाढल्या जाणाऱ्या तेलातुपाची नोंद घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

करीमचाचांचं शिलाईचं दुकान किल्ल्याच्या वाटेवर आहे. सत्तरीचे, अंगानं बारीक. त्यांनी मला ओळखलं. आधी चप्पल मागून घेतली आणि दाभणानं अंगठा शिवायला बसले.

“फोटो काढलावता तुमी माझा,” ते म्हणाले. “दिला न्हाई कधी.”

मी तो पिशवीतून काढून दिला. त्यांनी चष्मा चढवून पाहिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला खोचला.

“औषध चालू आहे का?” मी विचारलं. उत्तर माहीत असल्यासारखी भीती वाटत होती.

“बंद झालं ना. पुण्याहून सरकारचा कागद आला म्हणे, की ह्यात काय दम न्हाई.”

“सरकारचा?”

“हौ. शिक्का व्हता त्याच्यावर.”

माझ्या कॉलेजचा शिक्का सरकारचा झाला होता. मी खव्याचं विचारलं.

“खवा तर पार्वतीबाई देत. गोळी लई कडू. खवा तोंडात गेला की बरं वाटायचं.”

“कधी खवा तयार नसला तर? नुसती गोळी घेऊन परत गेलात असं झालं?”

ते हसले. “त्या उठू द्यायच्या न्हाईत. बसा म्हणायच्या, कढई उतरू द्या. येक दिवस दोन तास बसवलं मला. पोरीचं लग्न ठरवायला जायचं व्हतं.”

हेच मला हवं होतं. कुणीच कधी नुसती गोळी घेतली नव्हती. शास्त्राच्या दृष्टीनं माझा प्रवास परंड्यातच सफळ झाला होता. मी विचारलं, “आता गुडघे कसे आहेत?” चाचांनी शिलाई मशीनच्या खाली बोट दाखवलं. पायपट्टीच्या जागी छोटी मोटर बसवली होती.

“पायानं चालवायचं व्हत न्हाई आता. वयबी झालं.”

त्यांनी चप्पल माझ्या पायापाशी ठेवली. तो कागद सरकारचा नव्हता, माझा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. निघताना दोनदा तोंडाशी आलं आणि दोन्ही वेळा मी गिळलं. परंड्याचं वर्णन करताना किल्ल्याबद्दल जास्त लिहावं आणि हे गाळावं असंही मनात आलं होतं.

ईट

भूमहून ईटकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढून झालेली रानं होती. पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. करडई वाळून काटेरी झाली होती. लांब डोंगराच्या उतारावर सालईची झाडं बिनपानांची उभी. साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेली, खाली खोड हिरवट. जीपमध्ये आम्ही सातजणांच्या जागेत चौदाजण होतो. शेजारच्या आजीनं माझ्या मांडीवर स्वतःची पिशवी ठेवली, तिच्यावर माझी पिशवी ठेवली आणि डोकं टेकून झोपून गेली. पुण्यात असं कुणी केलं असतं तर मी भांडले असते.

गावात पोचले तेव्हा चार भट्ट्यांवरून धूर निघत होता. दोन जावांच्या भट्टीवर नव्हता. कढई भिंतीला पालथी टेकवून ठेवलेली, चुलाण्यात राखेवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. घराला कुलूप. मी तिथंच दगडावर बसले. मला पाहून शेजारच्या बाईनं दोघींच्या पुतण्याला शाळेत निरोप धाडला.

पुतण्या म्हणजे प्रकाश गुरुजी. इथल्याच शाळेत शिक्षक, सुभद्राबाईंच्या चुलत दिराचा मुलगा. दोघी काकूंचं सगळं बाहेरचं काम हेच बघायचे, पत्रं वाचण्यासकट. ते सायकल हातात धरून आले, मला ओळखलं आणि सायकल भिंतीला टेकवली.

“थोरल्या काकू गेल्या, मॅडम,” ते म्हणाले. “पौषात. धाकट्या काकूंना त्यांच्या लेकीनं, मंगलनं लोहाऱ्याला नेलं. इथं एकट्या कशाला राहतेत.”

पार्वतीबाई पौषात गेली तेव्हा माझ्याकडे दहा वेळचे निकाल तयार होते. मी अकराव्या वेळेची तयारी करत होते.

गुरुजी मला भिंतीला भिंत लागून असलेल्या त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांची बायको दुसऱ्या भट्टीवरून आणलेला खवा घेऊन आली आणि न विचारता माझ्या हातावर ठेवला. तो मी कसा खाल्ला ते माझं मलाच माहीत. गुरुजींना मी आल्याचं कारण सांगितलं, कागद दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि मग पहिल्या पत्राच्या दिवसाचं सांगितलं.

“पत्र आलं त्या दिवशी भट्टीवर पाचसहा माणसं गोळीसाठी बसली होती. काकू म्हणाल्या, वाच की हितंच, पुण्याच्या बाईंचं हाय. लई खुशीत होत्या. मी वाचत गेलो. गुरुजी माणूस, काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायची सवय. शेवटची ओळही वाचली. काकूंनी ती ओळ मला दुसऱ्यांदा वाचायला लावली.”

“मग?”

“मग उठल्या, आतून गोळ्यांचा डबा आणला आणि चुलाण्यात ओतला. सालईचा डिंक म्हणजे धूपच ना तो. सगळ्या आळीत देवळासारखा वास सुटला. बसलेल्या माणसांना म्हणाल्या, माझ्या हातून खोटं काम झालं, मला ठाव नव्हतं, राग धरू नका. चाळीस वर्षांतल्या एकेका माणसाचं नाव काढून रडल्या.”

मी विचारलं, “तुम्ही मला का कळवलं नाहीत?”

“काय कळवणार? तुम्ही शिकलेल्या. आम्हाला वाटलं, बरोबरच असंल.” त्यांनी कागदांची घडी माझ्यापुढं ठेवली. “आता वाटतं, ती शेवटची ओळ मी गिळायला पाहिजे होती. नसती वाचली तर कुणाला कळलं असतं?”

म्हणजे माझ्या वाक्याचं ओझं हा माणूसही दीड वर्ष वाहत होता. “चूक माझी आहे, गुरुजी,” मी म्हणाले. ते “तसं न्हाई” म्हणाले, पण मान खाली घालून.

पार्वतीबाईचं त्यांच्या बायकोनं सांगितलं. थोरली स्वतःही दर हिवाळ्यात ती गोळी घ्यायची, वर्षानुवर्षं. कढईपाशी उकिडवं बसून दिवसभर ढवळायचं काम, गुडघे तिचे आधीच गेलेले. गोळ्या जाळल्यानंतरच्या हिवाळ्यात तिला बसता येईना, मग उठता येईना. तेव्हा भट्टी थांबली.

“रोज मागायच्या,” ती म्हणाली. “भिंतीपलीकडनं आमाला ऐकू यायचं. दे की गं सुभद्रे, खोटं तर खोटं. मला बरं वाटतंय त्येनं. आन धाकट्या काकू म्हणायच्या, दुनियेला फशिवलं तेवढं बास, माझ्या जावेला न्हाई फशिवणार. दोघी रडायच्या.”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “वयबी झालं होतं, मॅडम. गोळीनं काय मरण टळतंय?” मी त्या वाक्याला बुडत्यानं काडीला धरावं तशी धरून रात्र काढली. सकाळी ते पुरेसं वाटेना.

निघताना गुरुजींनी मला डोंगराच्या पायथ्याशी एक सालई दाखवली. तिच्या खोडावर सुभद्राबाईंनी डिंकासाठी घेतलेल्या जुन्या खाचा होत्या, एकाखाली एक, नीट अंतर सोडून. झाडाला दरसाल किती सोसवतं त्याचा त्यांचा हिशेब होता. तो मी पहिल्या खेपेला वहीत अचूक उतरवून घेतला होता.

लोहारा

ईटहून लोहारा म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाकडून त्या टोकाला. धाराशिवला बस बदलली. पाटीवर धाराशिव लिहिलेलं, कंडक्टरच्या तोंडी अजून उस्मानाबाद. तुळजापूरला निम्मी बस उतरली, हिरव्या बांगड्या आणि नारळ घेऊन. शेजारची बाई म्हणाली, “दर्शन न्हाई घेत?” मी म्हणाले, “परत येताना.” परत येताना घेतलं नाही. पुढं रस्त्याकडेला भूकंपानंतर बांधलेली एकसारख्या घरांची गावं लागतात. लोकांनी त्यांना पडव्या काढल्यात, रंग दिलेत, दारात चिंच लावलीय, तरी रांगा ओळखू येतात. या बाजूला बोलण्यात मधूनच कानडी शब्द डोकावतो. एका पोरीनं बसमध्ये आजीला “अव्वा” म्हणून हाक मारली आणि आजीनं मराठीत तिला रागावलं.

मंगलचं घर तहसील कचेरीच्या मागं. तिचा नवरा कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो, ते विचारत गेले. सुभद्राबाई ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. दोन वर्षांत अर्ध्या झालेल्या. कपाळावर हात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पुण्याच्या बाई का? आलाव का? या. जेवलाव का?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. राग मंगलच्या चेहऱ्यावर होता. तिनं पाणी दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

“आता आनि काय वाचायचं ऱ्हायलंय?” ती म्हणाली.

“मंगे,” आई म्हणाली, “दारी आलेल्या मानसाला आसं बोलू न्हाई.”

मी ओट्यावर बसले. वाटेत मी मनात चार वेळा पाठ म्हटलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हणून सरळ सांगितलं. मावशी, मी चुकीचं पत्र लिहिलं होतं. तुमची गोळी मी नुसती पाण्यात तपासली. ती पाण्यात विरघळत नाही म्हणून आतड्यातून पलीकडे गेली नाही. पण तुमच्याकडं नुसती गोळी कुणी कधी घेतलीच नव्हती. गोळीवर खवा खात होते. तेलकट भांड्याला राख किंवा साबण लावल्यावर तेल जसं सुटतं, तसं खव्यातल्या तुपामुळं ते औषध पोटात सुटं होतं आणि पलीकडे जातं. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पलीकडे जातं.

सुभद्राबाईंची बोटं सुपात चालूच होती. खडा काढायचा, बाजूला ठेवायचा.

“म्हंजे थोरलीच्या खव्यानं आत जात व्हतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

बोटं थांबली. “तिला ह्यातलं काईबी ठाव न्हवतं. लोक मला हात जोडायची, तवा ती हसायची. म्हनायची, तुझं औषध, माझं काय, म्या दूध ढवळनारी बाई.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “अर्धं तिचं व्हतं म्हना की.”

“अर्ध्याहून जास्त,” मी म्हणाले, आणि माझेही डोळे भरून आले. मला रडण्याचा काही अधिकार नव्हता, पण आलं रडू.

मंगल आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, चहाचं आधण ठेवलं असावं. सुभद्राबाई रस्त्याकडे पाहत होत्या. कचेरीपुढं माणसं कागद हातात धरून उभी होती.

“तिनं मागितलं तवा म्या दिलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पाया पडली माझ्या. थोरली जाऊ धाकटीच्या पाया पडली, बाई. तरी म्या दिलं न्हाई.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

“आता येकच सांगा,” त्या म्हणाल्या. “गुण येत व्हता का न्हाई?”

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. मंगल दारात येऊन उभी राहिली.

हा प्रश्न त्या विचारतील हे मला पुण्यात, परंड्यात, ईटमध्ये कळायला हवं होतं. मी त्यांना निर्दोष ठरवणारा कागद घेऊन आले होते आणि तो वाचला की माझं काम झालं, असं समजत होते. औषध रक्तात पोचणं वेगळं आणि गुडघा बरा होणं वेगळं. पहिलं मी शेळीच्या आतड्यावर पाहिलं होतं. दुसरं मी कधीच पाहिलं नव्हतं. “येत होता” म्हणाले असते, तर चाळीस वर्षांचं काम खरं ठरलं असतं, आणि जावेला खरं औषध नाकारल्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर कायमचं राहिलं असतं. “नव्हता येत” म्हणाले असते, तर जावेच्या बाबतीत त्या सुटल्या असत्या आणि बाकी सगळं पुन्हा खोटं झालं असतं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी जे म्हणेन ते त्या मानणार होत्या, पहिल्या वेळी मानलं तसंच.

“मला माहीत नाही, मावशी,” मी म्हणाले. “ते मी तपासलंच नाही. औषध आतड्यातून पलीकडे जातं का, एवढंच मी बघितलं.”

“पयल्या बारीलाबी येवढंच बघितलं व्हतं?”

“हो.”

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“मग तवाच आसं का न्हाई लिवलं? की मला ठाव न्हाई म्हून?”

मंगल माझ्याकडे पाहत होती. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

“तेव्हा मला वाटलं होतं, मला कळलंय,” मी म्हणाले.

सुभद्राबाईंनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, खरंच पटल्यासारखी हलवली.

“आमालाबी तसंच वाटलं,” त्या म्हणाल्या. “म्हून तर ऐकलं तुमचं.”